गोजाबाईचा पाटा

मित्रांनो, नळाखाली ज्या काळ्या दगडावर उभे राहून तुम्ही पाय घासता, उड्या मारता आणि वर 'हा दगड डुगडुगतो' म्हणून नावंही ठेवता, तो दगड मी. पण मी साधासुधा दगड नाही. मी एक जुना पाटा आहे, आणि तोही अर्धाच. जरा वाकून बघितलंत तर माझ्या अंगावर घासून घासून पडलेला खळगा दिसेल, आणि एका बाजूला फुटल्याची धारदार कड दिसेल. पण वाकायला तुम्हाला सवड कुठे? नळ जाईल म्हणून तुमची घाई. म्हणून आज मीच बोलतो. मला राग आलेला आहे हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको.

सांगोल्याच्या बाहेर एका उघड्या माळावर माझा जन्म झाला. तिथं पाण्याची ओढ आणि दगडांचा सुकाळ. सोमलिंग नावाच्या पाथरवटाने मला खाणीतून फोडून काढलं, घडवलं, आणि माझ्याच अंगातल्या तुकड्यातून मला जोडीदार करून दिला, वरवंटा. मग बाजाराच्या दिवशी आम्हा दोघांना त्याने रस्त्याकडेला मांडलं. बायका यायच्या, मला वाजवून बघायच्या, कान द्यायच्या आणि तोंड वाकडं करून पुढे जायच्या. माझ्या उजव्या अंगात एक शीर होती. डोळ्यांना दिसायची नाही, पण वाजवलं की त्या बाजूने आवाज बद्द यायचा. सोमलिंग खोटं बोलणारा नव्हता. ह्या अंगावर घाव घालू नका, नाहीतर एक दिवस फुटेल, असं तो आपण होऊनच सांगायचा. असं सांगितल्यावर माल खपेल कसा? दिवसभर उन्हात बसून मी वैतागून गेलो.

तेवढ्यात एक नवी नवरी आली. तिचं नाव गोजाबाई. मागे खांद्यावर घोंगडं टाकलेला तिचा नवरा बिरप्पा होता. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, असं त्यांचं धनगराचं घर. गोजाबाईने मला वाजवलं, शीर ऐकली, सोमलिंगचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे. माणसात बी असती एकादी." बिरप्पाने मला डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो.

गोजाबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे मी तिच्यावर माया असूनही सांगतो. बिरप्पा स्वभावाने देवमाणूस, आणि देवमाणसाबरोबर संसार करणं किती कठीण असतं ते मी जवळून पाहिलं आहे. मीठ आणायला सांगितलं तर हा रिकाम्या हाताने यायचा. कुणी मागितलं की चांगलं वाढलेलं कोकरू देऊन टाकायचा. संध्याकाळी ये म्हटलं तर वाटेत कुणाशी तरी बोलत बसायचा. गोजाबाई त्याला फारसं काही बोलायची नाही. ती माझ्यापुढे येऊन बसायची.

असा राग आला की त्या दिवशी घरात शेंगोळी व्हायची. हुलग्याच्या पिठाचा घट्ट गोळा मळायचा, तळहातांवर त्याच्या लांब वळ्या करायच्या, टोकाला टोक जोडून कडी करायची आणि उकळत्या रश्शात सोडायची. हुलगा कोरड्या रानाचं धान्य, अंगाला ऊब देणारं. पण शेंगोळ्याचा सगळा जीव असतो रश्शात, आणि रश्शाचा जीव असतो वाटणात. इथेच गोजाबाई वेगळी होती. बाकीच्या बायका वाटायच्या. ही ठेचायची. लसूण सालीसकट, लाल मिरची, जिरं, खडे मीठ माझ्या डाव्या अंगाला टाकायची, वरवंटा उभा धरायची आणि हाणायची. एक घाव मिठाचा, एक कोकराचा, एक उशिराचा. माझ्या उजव्या अंगाला मात्र ती कधी चुकूनही घाव घालायची नाही. राग कितीही असो, शीर तिच्या ध्यानात असायची.

अशा ठेच्यात लसूण फुटायचा पण मरायचा नाही. करडईच्या तेलात पडला की त्याच्या कडा लाल व्हायच्या, मग त्यावर पाणी, मग शेंगोळी. बिरप्पा जेवायला बसला की लसणाचा तुकडा दाढेखाली धरून डोळे मिटायचा. दात पडल्यावर हिरडीखाली धरू लागला. तो दुसऱ्यांदा रस्सा मागेपर्यंत गोजाबाईचा राग निवळलेला असायचा.

मला मानही पुष्कळ मिळाला. त्यांचा मुलगा धुळा जन्मला तेव्हा पाचवीला सगळ्या बायकांनी मला हळदकुंकू वाहिलं. बारशाला वरवंट्याला कुंची घालून आधी त्यालाच पाळण्यात झोपवलं. तो अजूनही त्या गोष्टीचा तोरा मिरवतो.

पुढे धुळ्याचं लग्न झालं. सून आली, मायाक्का. पण पाऊस हुलकावण्या देऊ लागला, मेंढरं निम्म्यावर आली, आणि धुळा बायकोला घेऊन सोलापूरला कापडाच्या गिरणीत कामाला गेला. मायाक्का सासूजवळ राहिली ती जेमतेम पहिल्या सणापर्यंत. त्यातही शेंगोळ्याच्या दिवशी गोजाबाई कुणाला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. रागावताना माणसाला एकांत लागतो. ह्या एका गोष्टीने पुढे केवढा घोटाळा केला ते ऐका.

गोजाबाई एका हिवाळ्यात तापाने गेली. धुळा बापाला न्यायला आला. उरलेली मेंढरं भावकीत दिली, भांडीकुंडी शेजारी वाटली. बिरप्पा सगळं बघत बसून होता. तो एवढंच म्हणाला, "पाटा घ्या." मग मी बैलगाडीत चढलो. वरवंटा मात्र त्याने आपल्या घोंगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसला.

सोलापुरात आम्ही ह्या तुमच्या चाळीत आलो. एकच खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच झोपणं, आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणं. मायाक्काने मला चुलीपाशी जागा करून दिली. वरवंटा म्हाताऱ्याच्या उशाशी असायचा. वाटण करायचं म्हणजे तिने जाऊन मागायचा, त्याने न बोलता द्यायचा, आणि काम झालं की धुऊन परत उशाशी ठेवायचा, असा रिवाज पडला.

म्हातारा जेवत नव्हता. आधी वाटलं, दुःखाचे दिवस आहेत, ओसरतील. पण एक भाकरी होती तिची अर्धी झाली, अर्धीची चतकोर झाली. तो दारात बसून राहायचा. गालफडं आत गेली, धोतर कमरेला ठरेना. धुळा घाबरला. काय खावंसं वाटतं ते तरी सांग, म्हणून बापाच्या मागे लागला. बिरप्पा म्हणाला, "शेंगोळी कर म्हनावं. गोजासारखी."

मायाक्का लगेच कामाला लागली. मित्रांनो, ही बाई फार गरीब स्वभावाची. सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये आणि तिचं वाटण बोटाला लागू नये, असं तिला माहेरी शिकवलेलं. तिने लसूण सोलला, एकेक पाकळी निवडली, आणि हळूहळू, मायेने, गंध उगाळावा तसं वाटण वाटलं. मला कळेना की ही करते काय! मी आतल्या आत ओरडत होतो, अगं ठेच, बाई, ठेच! पण दगडाला तोंड कुठे असतं? वरवंटाही माझ्यावर नुसता सरकत होता आणि मनातल्या मनात चरफडत होता. रस्सा झाला मऊ, गुळगुळीत. बिरप्पाने एक घास घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाला, "लसूण न्हाय ह्यात."

आता त्याला काय म्हणायचं होतं ते मला उमगलं. त्याच्या हिरडीखाली तुकडा आला नव्हता. पण मायाक्काला वाटलं, लसूण कमी पडला. पुढच्या खेपेला तिने दुप्पट घातला आणि दुप्पट बारीक वाटला. बारीक वाटलेला लसूण उग्र होतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने वाटी सारली आणि परत तेच, की लसूण नाही. पुढच्या खेपेला आणखी लसूण. खोलीत शिरलं की नाकाला झोंबायचं. शेजारची नागम्मा नाकाला पदर लावून विचारायला आली, की तुमच्याकडे काय लसणाचं लग्न आहे?

ही नागम्मा विणकर पद्मशाली घरातली. नवरा मागावर, आणि तिचं बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. बाई मनाने चांगली, पण सल्ला देण्याची हौस फार. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि निकाल दिला, की हा पाटा पार गुळगुळीत झाला आहे, ह्याच्यावर वाटण येणारच नाही, टाकी लावून घे. गोजाबाईने मला जन्मात टाकी लावली नव्हती. ठेचायला टाकी लागतेच कशाला? पण मला विचारतो कोण! येडू वडाराची बायको आली आणि तिने माझ्या जुन्या अंगावर टकटक करून खड्डे पाडले. मला दुखलं नाही. मला संताप आला.

टाकी लावली की पाट्यातून बारीक कच निघते, म्हणून आधी कोंडा वाटून टाकून द्यायचा असतो. मायाक्काने कोंडा वाटला, पण एकदाच. म्हाताऱ्याने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, तिचा जीव खालीवर होत होता. त्या दिवशी बिरप्पाच्या उरलेल्या दाताखाली कच आली. तो काही बोलला नाही. त्याने तोंडातून कच काढली, थाळीच्या कडेला ठेवली आणि हात धुतला. मायाक्का त्या थाळीकडे बघत राहिली. तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

त्यानंतर मी स्वच्छ झालो, आणि वाटण तर काय विचारता, लोण्यासारखं यायला लागलं. नागम्माने बोट लावून बघितलं आणि वाहवा केली. मायाक्काने सुकं खोबरं घालून पाहिलं, तीळ घालून पाहिले. चाळीतल्या दोन बायका कृती विचारून गेल्या. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो म्हातारा रोज वाटी सारत होता. माझ्यावर एवढं सुरेख वाटण आजवर झालं नव्हतं, आणि मला त्याची एवढी चीडही आजवर कधी आली नव्हती.

आता राग कुणाकुणाचा करावा? धुळा गिरणीतून दमून यायचा आणि बापाची भरलेली वाटी बघून बायकोवर डाफरायचा. आईला जमायचं ते तुला का जमत नाही, असं त्याचं म्हणणं. अरे, तू त्या आईच्या हातचं खाऊन वाढलास, मग ती कसं करायची ते तू एकदा तरी तिला विचारलंस का? जेवायला बोलावलं की यायचास, एवढंच तुला ठाऊक. मायाक्का उलट बोलायची नाही. नळावर हंडा भरायला जायची आणि डोळे धुऊन यायची.

शेवटी एका सकाळी बिरप्पाने धुळ्याला सांगितलं, की मी गावी जातो. उद्या आपल्याकडची एक गाडी परत निघणार आहे, तिच्यात बसतो. गावात त्याचं कोण होतं? घराला कुलूप, भावकीला आपलंच पुरेना. अशा अंगाने हा तिथं गेला तर पुढचा सण बघणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि धुळ्यालाही. धुळा कामावर निघताना मायाक्काला म्हणाला, "आबा चाललं. आता तरी जिवाला थंडावा मिळंल न्हवं तुझ्या?" आणि तो निघून गेला.

मायाक्का नळावर गेली तर नळ गेलेला. परत आली तर चुलीत ओलं जळण, खोलीभर धूर. दुपार कलली. उद्या म्हातारा जाणार, तेव्हा आज शेवटची शेंगोळी करावी म्हणून तिने पीठ काढलं आणि वरवंटा आणायला गेली, तर उशाशी वरवंटा नव्हता. बिरप्पाने तो आपल्या गाठोड्यात बांधला होता. म्हातारा बाहेर दारात पाठ करून बसलेला.

तिने वरवंटा मागितला नाही, मित्रांनो. तिने गाठोड्याची गाठ ओढून सोडली, घोंगडं बाजूला फेकलं, वरवंटा काढला आणि येऊन माझ्यापुढे बसली. लसूण सोलायची सुद्धा वाट पाहिली नाही. गड्डा फोडला, पाकळ्या सालीसकट टाकल्या, वर मिरच्या, मीठ, जिरं. वरवंटा उभा धरला. आणि हाणला!

मी जो खूश झालो! किती काळाने असा घाव बसला होता. तिने तोंडातून शब्द काढला नाही, पण मला सगळं ऐकू आलं. एक घाव कचेचा, एक नळाचा, एक ओल्या जळणाचा, एक धुळ्याच्या त्या वाक्याचा. आणि सगळ्यांत मोठा घाव त्या न बोलता सारलेल्या वाट्यांचा. मी मनात म्हणत होतो, शाब्बास पोरी, आणखी! फक्त उजव्या अंगाला नको. पण माझ्या शिरेचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमलिंगने सांगितलं होतं ते गोजाबाईला. शेवटचा घाव बरोबर शिरेवर बसला. काड् असा आवाज झाला आणि माझी दोन शकलं झाली.

सासूची एवढी एकच वस्तू घरात होती. पण मायाक्का थांबली नाही. तिने दोन्ही शकलांवरचा ठेचा बोटांनी गोळा केला, तापलेल्या तेलात लोटला आणि वर पाणी ओतलं. लसणाच्या कडा लाल झाल्या होत्या. तो वास खोलीतून दाराकडे गेला. दारातल्या म्हाताऱ्याची पाठ हलली. त्याने मान वळवली.

शेंगोळी शिजेपर्यंत तो न बोलावता आत येऊन बसला होता. मायाक्काने त्याच्याकडे न बघता थाळी ठेवली, जरा आदळूनच. बिरप्पाने रस्सा भुरकला. तोंड थांबलं. त्याने काहीतरी हिरडीखाली धरलं आणि डोळे मिटले. मग खायला लागला, भुकेलं माणूस खातं तसं. थाळी संपली तेव्हा ती त्याने पुढे केली. मायाक्काने पुन्हा वाढलं.

"कुनावर चिडलीस, पोरी?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, की कुणावर नाही.

"खोटं नगं बोलू. ही चव चिडल्याबिगर येत न्हाय. जल्मभर खाल्लीया म्या."

मायाक्का चुलीकडे तोंड करून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "तुमच्यावर, मामा."

मला वाटलं, झालं, म्हातारा आता उठतो. पण बिरप्पा हसला. गोजाबाई गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचं त्याला सुचेना. तो म्हणाला, "मग सांग की. गोजा मला बोलायची न्हाय, त्या पाट्याला बोलायची. म्या बी कदी इचारलं न्हाय. तू तरी मला सांग."

आणि मायाक्काने सांगितलं. नळ, धूर, टाकी, कच, खोबरं, धुळ्याचं बोलणं, सगळं सांगितलं. तिचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला. नागम्मा येऊन दारात उभी राहिली, तरी ती थांबली नाही. म्हातारा एकेक शेंगोळं खात ऐकत होता आणि मधून मधून 'व्हय' म्हणत होता. गिरणी सुटून धुळा आला तेव्हा त्याला आधी बसवून घेतलं आणि बापानेच चार गोष्टी सुनावल्या. दुसऱ्या दिवशी ती गाडी सांगोल्याकडे गेली. बिरप्पाचं गाठोडं परत बांधलं गेलं नाही.

माझं लहान शकल आणि वरवंटा अजून मायाक्काच्या चुलीपाशी आहेत. लसूण ठेचायला तेवढं पुरतं. मोठं शकल म्हणजे मी, इथं नळाखाली तुमचे मळके पाय सोसत पडलो आहे. वाईट वाटतं का? वाटतं. ज्याला पाचवीला हळदकुंकू वाहिलं त्याच्यावर आता तुम्ही चिखल घासता. निदान उड्या तरी जरा हळू मारा.

पण माझा खरा राग त्यासाठी नाही. मी फुटलो ते एका घावाने, असं चाळीतले सगळे म्हणतात. मला विचाराल तर ज्या दिवशी ती कच थाळीच्या कडेला ठेवली गेली आणि कुणी तोंड उघडलं नाही, त्याच दिवशी माझं फुटणं ठरलं होतं. मित्रांनो, आज घरी जाल तेव्हा चुलीपुढे जी कोणी मान खाली घालून गप्प वाटण वाटत असेल, तिच्याजवळ जरा बसा. तिला काय झालं ते विचारा. नुसतं जेवायला झालं का, एवढंच विचारू नका. पाटा फुटल्यावर तिचा आवाज ऐकू आला, तर तो ऐकण्यात तुमचं काय शहाणपण?